बुटांच्या मोबदल्यात नाव

मावुंगूने मातादीच्या बंदरात उभी हयात क्रेन चालवली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गडी रुबाब सोडायला तयार नव्हता. सोडणार कसा? त्याचं नाव गाण्यात होतं!

काँगोत गाण्यात नाव यावं म्हणून भले भले गायकांच्या दारात ताटकळतात. हिऱ्यांचे व्यापारी, मंत्री, मंत्र्यांच्या मैत्रिणी, सगळे पाकिटं घेऊन हजर असतात. गायक खूश झाला की दोन कडव्यांच्या मधे त्यांचं नाव फेकतो. मावुंगूने दमडी दिली नव्हती. त्याने बूट दिले होते. लुझोलो तेव्हा गल्लीतला अनवाणी पोरगा. गाण्याच्या स्पर्धेला जायचं, तर पायात काही नाही. मावुंगूकडे मगरीच्या कातड्याचे बूट होते. बायकोलाही तो त्यांना हात लावू देत नसे. ते पायातून काढून त्याने पोराला घातले आणि स्वतः अनवाणी घरी आला.

"काका, मोठा झालो की तुमचं नाव फेकीन," पोरगा म्हणाला होता. मोठा झाला आणि खरंच फेकलं. शेवटच्या कडव्याआधी गिटार थांबते तिथे: "मावुंगू, मातादीचा सिंह!"

तेव्हापासून फोबाबाईच्या बारमध्ये ते गाणं लागलं की सगळे उठून उभे राहत आणि मावुंगूच्या दिशेने ग्लास उंचावत. मावुंगू फक्त हॅट सारखी करून मान डोलवायचा. बिअर फुकट. मुलीचं लग्नही त्या नावावरच जमलं. "नावाने पोट भरत नाही म्हणतात," त्याची बायको मातोंदो म्हणायची, "आमच्या यांचं भरतं."

आणि एक दिवस बातमी आली की लुझोलो, म्हणजे आता राजा लुझोलो, मातादीला येतोय. रविवारी दुपारी, फुटबॉलच्या मैदानावर.

"नको रे बाबा," फोबाबाई म्हणाली. "किन्शासात म्हणे लोकांना उन्हात वाळवलं, तीन गाणी म्हटली आणि पसार. तीसुद्धा टेपवर, नुसते ओठ हलवून."

"तिथे तो परका," मावुंगू म्हणाला. "इथे मी आहे. माझं नाव येईल ना, तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघा. माझ्याकडे वळून गाईल. नाही गायला तर हॅट खाईन."

झालं! त्याच्या शब्दावर सगळी गल्ली तिकिटं काढून निघाली. मुलीच्या सासूबाईसुद्धा आल्या.

राजेसाहेबांची गाडी मागच्या फाटकाशी आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मावुंगू आणि मातोंदो दुपारपासून तिथेच उभे होते. काच खाली झाली.

"काका! अजून जिवंत? आणि तोच रुबाब! पुढे बसा, अगदी पुढे!"

मावुंगूचे डोळे भरून आले. मातोंदोने त्याच्या पांढऱ्या कोटाची कॉलर नीट केली.

राजा लुझोलो फार सुटला होता. दोन उड्या मारून धापा टाकायचा, आवाज मात्र पंचविशीतल्यासारखा खणखणीत. लोकांना शंका आली, पण ते नाचत राहिले. तिकिटं काढली होती ना! मग ते गाणं लागलं. शेवटचं कडवं जवळ आलं तशी पुढची सगळी गल्ली मावुंगूने सांगितलं होतं तसं राजाच्या तोंडाकडे टक लावून बसली. गिटार थांबली. मावुंगू हात उंचावून उभा राहिला.

राजाने तेवढ्यात पाण्याची बाटली तोंडाला लावली होती. गाल फुगलेले, ओठ मिटलेले. आणि कर्ण्यांमधून आवाज घुमला: "मावुंगू, मातादीचा सिंह!"

"तोंडात पाणी आहे त्याच्या!" कुणीतरी ओरडलं. "टेप! टेप लावलीय चोराने!"

पहिली बाटली राजाच्या कानाजवळून गेली. मग खुर्च्या उडायला लागल्या. राजाने इतक्या वर्षांत असे जमाव पुष्कळ बघितले होते. यांना कुणीतरी एक हवा असतो, एवढं तो शिकला होता. समोर पांढऱ्या कोटातला म्हातारा अजून हात वर करून उभा होता.

राजाने टेप बंद करायला लावली. "थांबा! हे आजोबा कोण?"

"मावुंगू!" गल्लीने सांगितलं.

"मावुंगू?" राजा हसला. "मावुंगू तर अँटवर्पला हिरे विकतो! परवाच त्याच्या घरी जेवलो मी. आणि हा बुढ्ढा इथे त्याच्या नावावर काय करतो? फुकट बिअर पितो की काय?"

मग फोबाबाई फिस्सकन हसली आणि हसू आगीसारखं मागपर्यंत पसरलं.

"बूट!" मावुंगू ओरडला. "माझे बूट घालून गेला होतास!" पण माईक राजाच्या हातात होता.

"अरे, या सिंहाला तर पुढचे दातच नाहीत!" राजा म्हणाला, आणि त्याने पुन्हा टेप लावली. तीच टेप. खुर्च्या फेकणारे तिच्यावर बेभान नाचले.

"मी होते तिथे, 'काका' म्हणाला तो यांना," मातोंदोने घरोघर सांगितलं.

"नवऱ्याची बाजू घेणारच तू," फोबाबाई म्हणाली. मुलीच्या सासूबाईंनी फसवणूक झाली म्हणून येणं-जाणं तोडलं. कुणी कुणाला फसवलं होतं, ते विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

काही महिन्यांनी राजाचं नवं गाणं आलं, त्याच्यावर एक नाचही आला: हात वर करायचा, तोंड वासायचं आणि तसंच थिजून राहायचं. लग्नांत नाचले, बारशांत नाचले, शाळेच्या अंगणात पोरं नाचली. कडव्यांच्या मधे राजा लाडाने ओरडायचा: "खोटा मावुंगू, मातादीचा बिनदाती सिंह!"

फोबाबाईच्या बारमध्ये ते लागलं तेव्हा मावुंगू कोपऱ्यात रोख पैसे देऊन बिअर पीत होता. सगळे उठून उभे राहिले. ग्लास त्याच्या दिशेने उंचावले, पूर्वीपेक्षाही उंच.

"अहो, घरी चला," मातोंदो त्याची बाही ओढत म्हणाली. "हात जोडते, चला."

मावुंगू उठला. त्याने हॅट सारखी केली, सगळ्यांकडे बघून मान डोलवली.

"ऐकलंस?" तो बायकोला म्हणाला. "आता तरी कुणी म्हणणार नाही, ते अँटवर्पवाल्याचं नाव आहे म्हणून."