थोरलीच्या शेजारची वाटी

आमची बेकरी खाली आणि घर वर. मध्ये लाकडी जिना आणि लाकडाचीच जमीन. त्या जमिनीतून पावाचा वास वर येतो, भट्टीची ऊब येते, ह्यांचा आवाजही येतो. शब्द मात्र येत नाहीत, नुसती गुणगुण. दाराची घंटा वाजते, गिऱ्हाईक हसतं, आणि मला कळतं की हे काहीतरी चावट बोललेत. काय बोलले, ते कळत नाही.

आजाराआधी काउंटरमागच्या उंच खुर्चीवर मी बसायची. हे आतून पाव आणून द्यायचे, मी कागदात गुंडाळायची, आणि दिवसभर दोघांच्या तोंडाचा पट्टा सुरू. लोक म्हणायचे, आम्ही पाव घ्यायला येतो की तुमचं भांडण ऐकायला, आमचं आम्हालाच कळत नाही. मग माझ्या मोठ्या आतड्याला सूज आली. जखमा, कळा, रक्त, आणि संडासाकडे धावाधाव. पोटाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा आजार दबतो, पुन्हा उसळतो, सहसा कायमचा जात नाही. संडास वर, खुर्ची खाली. एकदा गिऱ्हाइकांसमोर फजिती झाली, त्यानंतर दवाखान्याखेरीज मी जिना उतरले नाही. ह्यांनाही सांगून टाकलं, "दिवसा वर येत जाऊ नका. मला अशी बघू नका." जन्मात एवढी एकच गोष्ट ह्यांनी मुकाट ऐकली, आणि तीच ऐकायला नको होती.

संध्याकाळी वर यायचे तेव्हा दमलेले असायचे. बोलणं सगळं खालीच संपलेलं. "आज कसं होतं?" एवढं विचारलं की जेवण आणि घोरणं.

अशात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, एका चाचणीत भाग घ्याल का? चांगल्या जंतूंच्या कॅप्सूल घ्यायच्या. आतड्यात नाहीतरी जंतूंची वस्ती असतेच. ह्या आजारात त्या वस्तीची घडी विस्कटते. बाहेरून चांगले जंतू पाठवले तर ती पुन्हा बसते का, सूज उतरते का, हे त्यांना बघायचं होतं. नेहमीची औषधं चालूच ठेवायची. निम्म्या लोकांना खऱ्या कॅप्सूल आणि निम्म्यांना रिकाम्या, म्हणजे आत नुसती पिठी. कोणाला काय मिळालंय ते आम्हाला ठाऊक नाही आणि डॉक्टरीणबाईंनाही नाही. "आशा ठेवा, पण भरवसा ठेवू नका," असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. चष्मेवाल्या नर्सने बाटली देताना बजावलं, "फ्रीजमध्येच ठेवा हं. गरम जागी जंतू मरतात."

"जिवंत वस्तू फ्रीजमध्ये?" हे बसमध्ये बसल्या बसल्या म्हणाले, आणि घरापर्यंत फुरंगटून राहिले.

हा राग समजायला आमची थोरली माहीत हवी. थोरली म्हणजे पाव फुगवणाऱ्या खमिराची बरणी. आम्हाला मूलबाळ नाही. लग्न झालं त्या वर्षी ह्यांनी खमीर घातलं, ते अजून जिवंत आहे. रोज त्यातलं थोडं कणकेत जातं आणि उरलेल्याला नवं पीठ-पाणी मिळतं. भट्टीच्या बाजूच्या फळीवर ओल्या फडक्याखाली तिची जागा. गारठली की रुसते, ऊब मिळाली की बुडबुडे काढत फुलते. हे माझ्यावर खेकसतील, पण थोरलीशी हळू आवाजात बोलतात.

"तुझ्या कॅप्सूल मी सांभाळतो," हे म्हणाले. "तुझ्या लक्षात राहायचं नाही." बाटली खालच्या लोण्याच्या फ्रीजमध्ये गेली. सकाळची गर्दी ओसरली की हे एका हातात कॅप्सूल, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला घेऊन वर यायला लागले. दिवसा येऊ नका म्हटलं होतं खरं, पण औषध आणणाऱ्याला कोण अडवणार? पलंगाच्या कडेला टेकायचे, चादरीला पीठ लावायचे आणि मी गिळेपर्यंत खालचं सगळं सांगायचे. पोस्टमनने पाव हुंगून कसा परत ठेवला. शिंपीणबाई डाएटवर असल्याचं सांगत उभ्या उभ्या दोन बन कशा संपवून गेल्या. मी कॅप्सूल हातात धरून बसायची. हे म्हणायचे, "गिळ ना गं, दुकान उघडं टाकून आलोय." मी म्हणायची, "मग पुढे काय झालं ते लवकर सांगा."

हळूहळू मला बरं वाटायला लागलं. रक्त थांबलं, धावाधाव कमी झाली. एका दुपारी वाटलं, जाऊन ह्यांना चकित करावं. कठड्याला धरून जिना उतरले आणि मागच्या दाराने भट्टीच्या खोलीत शिरले. थोरलीच्या शेजारी एक छोटी वाटी होती, तिच्यावरही ओलं फडकं. फडकं उचललं तर आत कागदाच्या पुडीत माझी कॅप्सूल.

हे परात घेऊन आत आले आणि मला बघून तिथेच थांबले. चेहरा असा उजळला की मी विचारायचं ते क्षणभर विसरलेच.

"अहो, हे काय आहे?"

"उद्याची. रोज आदल्या दिवशी काढून ठेवतो."

"इथे?"

"मग काय? गारठलेल्या पोरांना थेट कामाला लावायचं? पोटात जाऊन झोपा काढतील. उबेत ठेवली की जागी होतात. हवं तर थोरलीला विचार."

मी वाटीखाली, फळीच्या भट्टीकडच्या टोकाला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. भट्टीत भाजून भाजून कडक झालेल्या ह्यांच्या हातांना तो चटका कधी कळलाच नव्हता.

"नर्स काय म्हणाली होती, आठवतंय का?"

ह्यांना आठवलं. परात खाली ठेवली. "म्हणजे मी मारले?" हे म्हणाले. "रोज, माझ्या हाताने?" मला रागवायचं होतं, पण तो चेहरा बघून जमलं नाही. जंतू जर मेलेलेच गिळत होते, तर मी बरी कशाने झाले, आणि टिकणार किती?

डॉक्टरीणबाईंना जाऊन दोघांनी खरं ते सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. माझी माहिती वेगळी धरावी लागेल म्हणाल्या. बरं वाटण्याचं कारण विचारलं तर म्हणाल्या, आजार आपसूकही दबतो, त्यामुळे आत्ता काहीच सांगता येणार नाही. ह्यांनी कानाला खडा लावला. बाटली वरच्या फ्रीजमध्ये आली आणि हे तिच्याकडे बघेनासे झाले. कॅप्सूल माझी मीच घ्यायला लागले.

आणि सकाळी वर येणं बंद झालं. कारणच उरलं नव्हतं. पुन्हा खालून नुसती गुणगुण. एकाच घरात राहून माणसाची आठवण येते, असं कोणाला सांगितलं तर वेड्यात काढतील. पण मला यायची. पीठ न लागलेली चादर बघून रडू यायचं. एवढी तोंडाळ बाई मी, पण "या ना वर" एवढं म्हणणं काही जमेना. थंडी सुरू झाली तशी पोटातली कळही परतली, आणि तो जिना पुन्हा माझ्यासाठी बंद झाला.

चाचणी संपल्यावर नर्सचा फोन आला. हे शेजारीच कान लावून उभे होते.

"तुमच्या कॅप्सूल रिकाम्या होत्या," ती म्हणाली. खऱ्या ज्यांना मिळाल्या, त्यांच्यातल्या काहींना फरक पडला, सगळ्यांना नाही. रिकाम्या मिळालेल्यांना आता हवं असेल तर खऱ्या देणार होते.

"म्हणजे मी इतके दिवस पिठी उबवत बसलो होतो?" हे म्हणाले. मला हसू आवरेना. हे जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले आणि तोंड झाकून म्हणाले, "म्हणजे मी काही मारलं नाही." खांदे हलत होते. ते हसत नव्हते, हे मला जरा उशिराच कळलं.

खरी बाटली आणली आणि माझ्याच हाताने फ्रीजमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी उठल्याबरोबर पहिली कॅप्सूल घेतली, गारेगार. पेला विसळून ओट्यावर पालथा घातला आणि पलंगावर येऊन पडले.

गर्दी ओसरायच्या वेळेला जिना वाजला. हे दारात उभे होते, हात रिकामे, कोपरापर्यंत पीठ. आत यावं की नाही ते कळत नव्हतं. उंबऱ्यातूनच विचारलं, "घेतलीस का गं?"

"नाही अजून," मी म्हणाले.

हे स्वयंपाकघरात गेले. ओट्यावरचा ओला पेला ह्यांनी पाहिला असणारच. त्याच पेल्यात पाणी भरून आणलं आणि पलंगाच्या कडेला टेकले.

"घे मग."

"घेते हो. आधी सांगा, थोरली कशी आहे?"

"रुसलीय," हे म्हणाले आणि सांगायला लागले. खाली दाराची घंटा वाजली, पुन्हा एकदा वाजली. हे उठले नाहीत.