न घेतलेलं तापमान

वीजकेंद्राच्या प्रयोगशाळेत ती कोळसा तपासायची; तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. नव्याने लागलेल्या प्रत्येकाच्या हातावर ती तपकिरी कोळशाचा तुकडा ठेवी. त्यात लाकडाच्या रेषा स्पष्ट दिसत.

"हा दगडी कोळशाचा धाकटा भाऊ," ती सांगे. "गाडल्या गेलेल्या झाडाझुडपांचाच झालाय, पण पुरता मुरला नाही. जवळजवळ निम्मं पाणीच. वाळला की भुगा होतो, भुग्यात हवा शिरली की आतल्या आत तापतो, आणि कुणी काडी न लावता पेटतो. म्हणून ढिगाचं तापमान रोज घ्यायचं. कंटाळा करायचा नाही."

आणि कंटाळा तिनेच केला. वारा सुटला होता, डोळ्यांत भुगा जात होता. ढिगाच्या मागच्या टोकाला तिने तापमानाची सळई खुपसलीच नाही. वहीत कालचाच आकडा उतरवला. दुसऱ्या दिवशीही तेच. असा आठवडा गेला.

मग एका सकाळी बुलडोझरवाला, आत हवा राहू नये म्हणून, ढीग दाबायला वर चढला. अंगाने अगदीच किडकिडीत, म्हणून त्याला पैलवान म्हणत. मागच्या टोकाला ढीग खचला आणि आतला निखारा उघडा पडला. त्याने उडी मारली, जीव वाचला, पण डावा पाय घोट्यापर्यंत भाजला.

साहेबांनी वही पाहिली. "तापमान तर ठीक होतं. म्हणजे ढीग नीट दाबला नसणार."

मास्तरीणबाई शेजारीच उभी होती. तिने वही परत घेतली आणि कपाटात ठेवून दिली.

चार दिवसांनी ती पैलवानाच्या घरी गेली. त्याने बायकोला खुर्ची पुसायला लावली.

"बाई, तुम्ही इतकं शिकवलंत आणि मी घाण केली," तो म्हणाला. "तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटते."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तू ढीग नीटच दाबला होतास. मी तापमान घेतलंच नव्हतं. आकडे खोटे होते."

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. बोलली ती त्याची बायको. "चार दिवस हा माणूस धड जेवला नाही. स्वतःला शिव्या घालतोय. हे इथे कशाला सांगताय? ऑफिसात सांगा."

ती तिथूनच ऑफिसात गेली आणि सगळं लिहून दिलं. पैलवानावरचा ठपका निघाला. तिला प्रयोगशाळेतून काढून सामानाच्या कोठारात बसवलं.

दोन महिन्यांनी तो लंगडत कामावर आला. समोर दिसली की मान हलवतो आणि पुढे जातो. ती त्याला थांबवत नाही. थांबवून बोलायचं काय, ते तिला अजून सुचलेलं नाही.