पाठीवर इंग्रजी, पोटावर खडू

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. पण मला पाहून लगेच शाळेची घंटा आठवू नका, कारण शाळेचं तोंडही मी कधी पाहिलेलं नाही. माझा सगळा जन्म चाकणच्या एका छोट्या कारखान्यात गेला. तिथे मी शिकवलं, आणि माझ्यासमोर शिकलेली माणसं आज मशीनवर, टेबलावर, साहेबांच्या शेजारी उभी आहेत. मला या गोष्टीचा अभिमान आहे आणि तो मी लपवणारही नाही. मी थोडा भाव खातोय असं तुम्हाला वाटलं तर वाटू द्या.

मूळचा मी एका लाकडी खोक्याची फळी. परदेशातून एक ग्राइंडिंग मशीन आलं, त्याच्याभोवती मी होतो. माझ्या पाठीवर काचेच्या पेल्याचं चित्र होतं आणि खाली काळ्या शाईत इंग्रजीच्या दोन ओळी. मशीन बाहेर निघालं, त्याला हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. खोक्याकडे कोण बघतो? माझी भावंडं चुलीत गेली. मीही गेलो असतो, पण धोंडीबा नावाच्या टर्नरने मला बाजूला काढलं. त्याने मला पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केलं, काळ्या रंगाचे तीन हात दिले आणि हजेरीच्या खिडकीशेजारी दोन खिळ्यांवर लटकवलं. सुरुवातीला माझ्यावर फक्त कुठल्या मशीनवर किती माल निघाला ते लिहीत असत.

धोंडीबा चौथी पास. लेथवर त्याचा हात असा बसलेला, की नवे इंजिनीअर त्याच्या मागे उभे राहून बघत. एकदा ड्रॉइंगवरचा एक शब्द त्याने मोठ्याने वाचला, "कनर्लिंग." हँडलवर पकड यावी म्हणून जी बारीक खवल्यांची नक्षी पाडतात, तिचं नाव. एक पोरगेला साहेब खो खो हसला आणि म्हणाला, "काका, नर्लिंग! त्यातला के बोलायचा नसतो."

"मग लिवलाय कशाला?" धोंडीबाने विचारलं. साहेब ड्रॉइंग गुंडाळून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, शिफ्टची घंटा व्हायच्या आधी, धोंडीबाने तो शब्द माझ्यावर इंग्रजीत लिहिला. खाली मराठीत उच्चार लिहिला. मग पिवळा खडू घेऊन त्या के भोवती गोल काढला आणि जमलेल्या सगळ्यांना म्हणाला, "ह्यो बघा. ह्याचं नाव मस्टरवर हाय, पण मशीनवर न्हाई. हजेरी लावतो आन् बसून राहतो. ह्याला वळखून ठेवायचं, म्हंजी आपली फजिती व्हत न्हाई."

सगळे हसले. पण या वेळी ते धोंडीबाला हसले नाहीत, इंग्रजीला हसले. मित्रांनो, या दोन हसण्यांत किती फरक असतो ते मला त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून रिवाजच पडला. रोज सकाळी एक शब्द, कोपऱ्यात त्या दिवसाची तारीख, आणि बसून राहणाऱ्या अक्षरांना पिवळा गोल. माप तपासायच्या गेजमधला यू, नट आवळायच्या रेंचमधला डब्ल्यू, कॉलमच्या शेपटीचा एन, असे किती आळशी माझ्या अंगावर पकडले गेले! धोंडीबाचा एक नियम मात्र कडक होता. शब्द आणणाऱ्याने ती वस्तू हातात धरूनच उभं राहायचं. "आदी हातात, मग तोंडात, शेवटी कागदावर," तो म्हणायचा. गेज आणला नसेल तर गेज लिहायला तो खडू देत नसे. अशी वर्षं गेली. ज्यांना ड्रॉइंग दिसलं की घाम फुटायचा, ती माणसं ड्रॉइंग उलगडून त्यावर बोट ठेवून बोलायला लागली.

या घोळक्यात सगळ्यात मागे एक बाई उभी असायची. मंजुळाबाई. केज तालुक्यातून नवऱ्यामागे आलेली, मेदनकरवाडीत एका खोलीत राहणारी, सातवीपर्यंत शिकलेली. आमच्याकडे गिअरबॉक्समध्ये बसणारे बुश बनतात. बुश म्हणजे बोटभर लांबीची पोकळ लोखंडी नळी. ते धुण्याच्या टाकीवर मंजुळाबाईचं काम. पण तिच्या बोटांत काहीतरी विलक्षण होतं. कातलेल्या कडेला कधीकधी धातूचा केसाएवढा काटा राहतो, त्याला बर म्हणतात. तपासणीच्या टेबलावरून सुटलेला बर टाकीवर मंजुळाबाईच्या अंगठ्याला लागायचा. ती गुपचूप तो बुश बाजूला काढून ठेवायची. तपासनिसांची अब्रू तिने किती वेळा वाचवली, ते तिलाही ठाऊक नसेल.

तपासनीस व्हायचं तिच्याही मनात होतं. पण तपासनिसाला इंग्रजीतला सूचनांचा कागद वाचावा लागतो. एकदा तिला उभं केलं, तर गेजला ती "गौगे" म्हणाली. अख्खी लाइन हसली. ती परत टाकीवर गेली. निवृत्त व्हायच्या दिवशी धोंडीबाने हार गळ्यात असतानाच तिला हाक मारली आणि पिवळ्या खडूचा तुकडा तिच्या हातात दिला.

"मला कशाला वो दादा? मला तर गेज वाचता येत न्हाई," ती म्हणाली.

"म्हनूनच," धोंडीबा म्हणाला. "ज्याला येतं त्यो इसरतो की आपुन कुठं अडखळलो हुतो."

त्या दिवसापासून मंजुळाबाई मागून पुढे आली. आधी आवाज फुटत नव्हता, मग फुटायला लागला. आणि या वर्षी ती वेळ आली. तपासनिसाची एक जागा निघाली. मालक स्वतः टाकीवर येऊन म्हणाले, "मंजुळाबाई, तुमचा हात मला माहीत आहे. पण अकरा दिवसांनी आपला माल घेणारी मोठी कंपनी ऑडिटला येतेय. त्यांच्यासमोर सूचना वाचून दाखवायला हवी. जमलं तर जागा तुमची. नाही जमलं, तर मला बाहेरून डिप्लोमावाला घ्यावा लागेल." मंजुळाबाईने पदराला हात पुसले आणि मान डोलावली. 

आणि नेमका दुसऱ्याच दिवशी मला लाल चिठ्ठी लागली.

कारखान्यातली ही पद्धत तुम्हाला सांगायला हवी. साफसफाईच्या मोहिमेत जी वस्तू बिनकामाची वाटते, तिला लाल चिठ्ठी बांधतात आणि भंगाराशेजारच्या लाल पट्ट्यांच्या चौकोनात नेऊन ठेवतात. तिथल्या वस्तूला कुणी हात लावायचा नाही. तीस दिवसांत कुणी मागणी केली नाही, तर वस्तू भंगारात. रविराज हा नवा इंजिनीअर या मोहिमेचा प्रमुख. पोरगा वाईट नव्हता, कामाला वाघ होता. हजेरीच्या खिडकीशेजारी त्याने मोठा टीव्ही लावला होता, त्यावर रंगीत आकडे सरकत होते. मी त्याच्या डोळ्यांत खुपलो. त्याने चिठ्ठीवर लिहिलं, "जुना फळा. वापरात नाही."

"सर, आमी रोज लिवतो की त्याच्यावर," मंजुळाबाई म्हणाली.

"मावशी, आता सगळं स्क्रीनवर येतं. खडूची धूळ मशीनवर बसते. ऑडिटरनी पाहिलं तर पहिला शेरा यावरच मारतील," रविराज म्हणाला. तो घाईत होता. मंजुळाबाईने पुढे काही बोलण्याचा प्रयत्न केला, पण तो दुसऱ्या कपाटाकडे वळला होता.

मित्रांनो, खरं सांगतो, मला फार लागलं. ज्या खिळ्यांवर मी इतकी वर्षं लटकलो, ते उघडे दिसत होते. मला चौकोनात एका तुटक्या खुर्चीला टेकवून ठेवलं, तेही तोंड भिंतीकडे आणि पाठ लोकांकडे करून. शेजारी गंजलेला पंखा आणि चाक निखळलेली ट्रॉली. मी मनात म्हटलं, संपलं आपलं.

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत पावलं वाजली. मंजुळाबाई होती. तिने डबा भरभर संपवला असणार, कारण तोंडाला पाणीही लावलेलं नव्हतं. तिने आजूबाजूला पाहिलं आणि लाल पट्टी ओलांडली. मला वळवण्याआधी ती थांबली. माझ्या पाठीवरच्या ओळी तिने पहिल्यांदा पाहिल्या होत्या. पेल्याच्या चित्राखाली बोट ठेवून ती पुटपुटत राहिली. वरच्या ओळीतला शब्द तिला लागला नाही. खालची ओळ मात्र तिने अक्षर अक्षर जुळवत वाचून काढली. "हँडल... विथ... केअर." मग स्वतःशीच हसली आणि म्हणाली, "म्हंजी जपून उचला. आन् तुला तर फेकून दिलंय की रे."

मला दोन्ही हातांनी धरून तिने हळूच वळवलं. साडीवरच्या कामाच्या कोटाच्या खिशातून बुश काढला, खडू काढला, कोपऱ्यात तारीख घातली आणि सूचनांच्या कागदावरची एक ओळ लिहिली. पुढचे सगळे दिवस हेच चाललं. एक वाक्य तिला रोज छळायचं. बुशचं आरपार भोक तपासा आणि कडेला खरखरीतपणा नाही ना ते पाहा, असा त्याचा अर्थ. आरपारसाठी थ्रू, खरखरीतसाठी रफ. दोन्हींच्या शेपटीला तीच चार अक्षरं, ओ, यू, जी, एच. एका ठिकाणी ती ऊ म्हणतात, दुसऱ्या ठिकाणी फ. पिवळा गोल काढायचा तरी कुठे? तिने कपाळाला हात लावला. मग तिला धोंडीबाचा नियम आठवला. तिने भोकातून करंगळी आरपार घातली आणि म्हणाली, "थ्रू." कडेवर अंगठा फिरवला आणि म्हणाली, "रफ." पुन्हा करंगळी, पुन्हा अंगठा. अक्षरांनी दगा दिला, तरी बोटांनी दिला नाही.

ऑडिटचा दिवस उजाडला. दुपारच्या सुट्टीत मंजुळाबाई माझ्यावर ओळ लिहून गेली, आणि त्यानंतर मोठ्या कंपनीच्या निशिगंधा मॅडम नावाच्या तपासणी अधिकारी आल्या. पांढरा कोट, हातात वही, आणि नजर अशी की रविराजच्या तोंडचं पाणी पळालं. मालक त्यांना चकचकीत टीव्हीकडे नेत होते, पण त्या थेट लाल चौकोनाकडे आल्या. मुरलेली माणसं कारखाना भंगारापासूनच तपासतात.

त्यांनी माझी चिठ्ठी वाचली, मग माझ्याकडे पाहिलं. "चिठ्ठीवर लिहिलंय, वापरात नाही. आणि फळ्यावर आजची तारीख? हे कोणी लिहिलं?"

 रविराजचा चेहरा उतरला. मंजुळाबाई चार पावलांवर टाकीजवळ उभी होती. ती गप्प राहिली असती, तर कुणाला पत्ता लागला नसता. बोलली, तर नियम मोडल्याची कबुली, आणि तीही नेमकी त्यांच्यासमोर ज्यांच्या शब्दावर तिची जागा ठरणार होती. मी लाकडाचा, पण माझा जीव टांगणीला लागला.

"म्या लिवलंय मॅडम," मंजुळाबाई पुढे आली. "लाल पट्टीच्या आत जायचं नसतं, मला म्हाईत व्हतं. सरांची चूक न्हाई."

"काय लिहिलंय? वाचा."

ती ओळीखाली बोट ठेवून वाचू लागली. पहिले शब्द नीट गेले. थ्रूपाशी ती अडली. मागे कुणीतरी खाकरलं, आणि मला ते जुनं हसू आठवलं. मंजुळाबाईने मागे वळून टाकीवरचा नुकताच आलेला एक बुश उचलला. भोकातून करंगळी घातली. "थ्रू होल," ती म्हणाली. अंगठा कडेवर फिरवला. "रफ एज." आणि वाक्य संपवण्याऐवजी तिथेच थबकली. अंगठा पुन्हा फिरवला. "मॅडम, ह्या बुशला बर हाय. टेबलावरून पास होऊन आलाय, पन हाय."

निशिगंधा मॅडमनी स्वतः बोट फिरवलं. त्यांना काही लागलं नाही. भिंग मागवलं. भिंगाखाली तो काटा सगळ्यांना दिसला.

मॅडमनी भिंग खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "मी सांगवीच्या मराठी शाळेत शिकले. पहिल्या नोकरीत 'रफ'ला 'रौघ' म्हणाले होते. सगळे हसले, आणि मी महिनाभर मीटिंगमध्ये तोंड उघडलं नाही. मला असा फळा मिळाला असता तर!" त्या रविराजकडे वळल्या. "शेरा मारणार आहे मी. फळ्यावर नाही, चिठ्ठीवर. वापरणाऱ्यांना न विचारता वस्तू बाद केली म्हणून."

रविराजने मान खाली घातली. मग खिशातलं पेन काढून त्याने मंजुळाबाईपुढे धरलं. "मावशी, चुकलं माझं. चिठ्ठीवरच्या रकान्यात मागणीचं कारण तुम्हीच लिहा. मराठीत लिहिलं तरी चालेल."

"न्हाई सर. रकाना इंग्रजीचा हाय, इंग्रजीतच लिवते."

आणि तिने लिहिलं. सगळे बघत असताना, सावकाश, एकेक अक्षर टेकवत. रोज वापरात आहे, एवढंच. खाली पूर्ण नाव. मग ती मालकांकडे वळून म्हणाली, "ह्याला उचलताना दोघंजन लागा. पाठीवर लिवलंय त्याच्या, जपून उचला म्हनून."

आज मी परत माझ्या खिळ्यांवर आहे. टीव्ही शेजारी आहे, आमचं बरं चाललंय. त्याचे आकडे दर मिनिटाला बदलतात, माझा शब्द दिवसभर टिकतो. ती लाल चिठ्ठी मंजुळाबाईने काढू दिली नाही. ती माझ्या कोपऱ्याला तशीच बांधलेली आहे. लोकांना छातीवर पदक मिरवताना मी पाहिलंय, मी ही चिठ्ठी मिरवतो. तपासणीच्या टेबलावर आता मंजुळाबाई बसते, आणि सकाळी सातला खडू हातात घेते.

मित्रांनो, इंग्रजीची अक्षरं उद्याही हजेरी लावून बसून राहतील, एकाच वेशात दहा सोंगं घेतील. त्याला इलाज नाही. पण तुमच्या शेजारी कुणी पहिल्यांदा एखादा शब्द वाचायला तोंड उघडेल आणि अडखळेल, तेव्हा हसू नका. माझ्या पाठीवरची ती खालची ओळ आठवा. ती माझ्यासाठी लिहिलेली नव्हती, आतल्या मशीनसाठी होती. पण इतकी वर्षं माणसं पाहून मला वाटतं, ती खरं तर त्यांच्यासाठीच असायला हवी होती.

गेल्या सोमवारी टाकीवर नवी बाई कामाला लागली. ती सगळ्यात मागे उभी होती. मंजुळाबाईने तिला बोटाने पुढे बोलावलं, तिच्या हातात आधी बुश दिला, आणि मग खडू.