वाचून दाखवले, मान्य आहे

"कार्बन जुनाच घातलात, बाई. तिसरी प्रत म्हणजे नुसती राख," यादव वकील शकुबाईच्या कानाशी पुटपुटले.

शकुबाईने लक्ष दिलं नाही. नाशिकच्या कोर्टाबाहेर टाइपरायटर मांडून तिला चौदा वर्षं झाली होती. इंग्रजी ती या यंत्रावरच शिकली, आणि वकिलांची कुरकुर तिला यंत्राच्या खडखडाटातच जमा वाटे.

समोर फरशीवर सगुणाबाई बसली होती, हरसूलच्या वरच्या पाड्यावरची. जंगलात नाचणी पेरली म्हणून तिच्या नवऱ्याला, पुंजाला, चौकीत नेलं आणि तिसऱ्या दिवशी प्रेत हाती दिलं. खालच्या-वरच्या दोन्ही कोर्टांनी कागद परत केले. आता अर्ज थेट जिनिव्हाला, संयुक्त राष्ट्रांकडे.

"हेगला जागतिक कोर्ट आहे ना, वकीलसाहेब?" शकुबाईने टाइप करता करता विचारलं.

"तिथं सरकार सरकारवर फिर्याद करतं. सगुणाबाई सरकार आहे का?"

"युरोपात साधा माणूस दाद मागतो. अमेरिका खंडाचं न्यायालय आहे. आफ्रिकेची सनद गेल्या महिन्यात लागू झाली, पेपरात होतं. लुबाडलेलं लोकांना परत मिळावं, असंसुद्धा लिहिलंय म्हणे त्यात."

"त्यात नुसता आयोग आहे. कोर्ट नाही अजून."

"तेवढं तरी आहे. आपल्या आशियाचं?"

"काही नाही."

"का नाही?"

यादवांना चहा एकाएकी फार गरम लागला.

शकुबाईचा राग बोटांत उतरला. आशियाच्या कोर्टात शेजारच्या मुलखांतले न्यायाधीश बसले असते, ज्यांच्या आज्यांचीही रानं गोऱ्या साहेबानं एका शिक्क्यात सरकारजमा केली, तर त्यांना घुसखोर कोण हे शिकवावं लागलं नसतं. इथं मात्र तीच टाइप करत होती: 'मयत अतिक्रमणदार'.

अंगठ्याखाली 'वाचून दाखवले, मान्य आहे' असं लिहायची रीत. बाकीचे नुसतं लिहीत. शकुबाई खरंच वाचायची, मराठी करून. यादवांनी घड्याळ पाहिलं, तरी तिने वाचलं.

शाईचा अंगठा तसाच धरून सगुणाबाईने विचारलं, "अतिक्रमणदार म्हंजे?"

"दुसऱ्याच्या जागेत शिरलेला."

"तिथले आंबे त्याच्या आज्यानं लावलेले हायत. फुडं?"

"'चौकीत अचानक प्रकृती बिघडून मृत्यू.'"

सगुणाबाईने अंगठा पदराला पुसला.

"बाई, असं करू नका," यादव म्हणाले. "सौम्य लिहिलं तरच कोणी वाचतं. आणि तो शब्द माझा नाही, कायद्याचा आहे. सत्तावीस सालचा. इंग्रजांनी करून ठेवलंय हे सगळं, आपण काय करणार?"

शकुबाईने खाली पाहिलं. हे वाक्य तिनेही कितीदा, कितीजणांच्या तोंडावर फेकलं होतं.

"विंग्रज नव्हता तिथं," सगुणाबाई म्हणाली. आवाज जराही चढला नव्हता. "मी चौकीच्या दाराशी व्हते. पुंजा, पुंजा असं नाव घेऊन मारत व्हते. मारून टाकला त्याला. आन् मारणारे आपलेच व्हते."