शिपाई गैरहजर

चिकलठाण्याच्या त्या शाळेत नंबर नसलेली वस्तू शोधून सापडायची नाही. घंटा एकशे सात, माठ दोनशे एकोणतीस, मुख्याध्यापकांची फिरती खुर्ची तीनशे चार. डेडस्टॉकच्या रजिस्टरात प्रत्येक वस्तूची एक ओळ आणि अंगावर पांढऱ्या रंगातला आकडा. अकरा वर्षं त्या एकशे सातवर टोले हाणणारा मुंजाबा शिपाई मात्र कुठल्याच रजिस्टरात नव्हता. तो तात्पुरता होता. तात्पुरता म्हणजे किती, असं कुणी विचारलं तर त्याच्या पांढऱ्या झालेल्या मिशांकडे बोट दाखवावं.

त्याला कायम करायचा प्रस्ताव तयार होता. संस्थेचे अध्यक्ष पुंडलिकअण्णा यांची सही तेवढी राहिली होती, आणि अण्णा दसऱ्यानंतरच्या सोमवारी शाळेत येणार होते. मुंजाबासाठी नव्हे; रोबोट बघायला.

रोबोट अण्णांनीच दिलेला. जालना रोडवरचं एक हॉटेल बुडालं, तेव्हा तिथं गिऱ्हाइकाला पाणी नेऊन देणारा हा माणसाएवढा रोबोट त्यांनी उचलला आणि 'पोरांना दाखवा, जग कुठं चाललंय' म्हणत शाळेत धाडला. आठवीच्या सरिता मॅडमनी लगेच 'रोबोट काय काय करू शकतो' असा धडा तयार केला. पण मध्ये आली खंडेनवमी. मुख्याध्यापक राजेंद्र सरांनी यंत्रांची पूजा मांडली. कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला, पाण्याच्या मोटारीला कुंकू लावलं, आणि रोबोटाचा मान सगळ्यांत मोठा म्हणून नारळ त्याच्या डोक्यावर फोडला. नारळ चांगला भरलेला निघाला. सगळं पाणी मानेच्या फटीतून आत उतरलं. रोबोट 'वेलकम' म्हणाला, मग नुसतं 'वेल' म्हणाला, मग पोटातून धूर निघाला आणि प्रसादाचं खोबरं सरांच्या हातातच राहिलं.

दुरुस्तीवाल्यानं आतलं सगळं उपसून नेलं. उरलं पांढरं पोकळ टरफल. सरांनी दोन दिवस त्या टरफलाकडे पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी मुंजाबाकडे. वरून खाली, शिंपी पाहतो तसं.

"मुंजाबा, तुझ्या अंगावर मांस नाही हे किती बरंय रे."

"सर, ह्याच्यात म्या?"

"एक तास. अण्णा येतील, बघतील, जातील. जाताजाता तुझ्या प्रस्तावावर सही. अकरा वर्षांत असा एक तास आला होता का, सांग."

मुंजाबाला नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हणणारी माणसं कायम झालेली असतात.

एका बाबतीत सरांची पारख पक्की होती. मुंजाबाच्या घराण्याची मेंढरं. गंगापूरकडच्या माळावर काठी बगलेत घेऊन, एक तळवा दुसऱ्या गुडघ्याला टेकवून तो चार-चार तास उभा राहिलेला. मेंढरं गेली, उभं राहणं अंगात उरलं. सरिता मॅडमनी दोन संध्याकाळ तालीम घेतली: नमस्कार करणं, ट्रे धरणं, फळा पुसणं, मुंगीच्या पावलांनी सरकणं.

"आणि मुंजाबा मामा, बोलायचं ते रेल्वे स्टेशनवरच्या बाईसारखं. 'नाय' म्हणायचं नाही हं."

"नाय म्हणत, मॅडम."

घरी त्यानं बायकोला, बानाबाईला, काही सांगितलं नाही. आठवीच्या त्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसणाऱ्या निशाला, आपल्या लेकीला, तर नाहीच. पोरं तिला आधीच 'घंटे' म्हणून हाक मारत. त्यात आणखी भर कशाला?

सोमवारी दसऱ्यानंतरचं कोरडं ऊन डोक्यावर आलं तेव्हा टरफलाचे बोल्ट मागून आवळून मुंजाबा फळ्याशेजारी उभा होता. खिडकीबाहेर गाडी थांबली.

"शिपाई कुठंय तुमचा?" अण्णांचा आवाज आला. "फाटक ड्रायव्हरला उघडावं लागलं."

"हर्सूलला गेलाय, अण्णा. घरचं काहीतरी निघालं म्हणे," राजेंद्र सर म्हणाले.

"मी यायच्या दिवशीच?"

टरफलात मुंजाबानं ते ऐकलं आणि गिळलं. चेहऱ्याच्या जागच्या काळ्या काचेतून त्याला अर्धा वर्ग दिसत होता. घाम डोळ्यांत उतरला होता, पण पुसायला हात आपले नव्हते.

अण्णा खुर्चीत बसले. प्रस्तावाची फाईल सरांनी त्यांच्या मांडीवर ठेवली. धडा सुरू झाला.

"मुलांनो, रोबोटला तहान लागत नाही," मॅडम म्हणाल्या. मुंजाबाच्या हातातल्या ट्रेमध्ये माठातल्या पाण्याचे चार ग्लास होते आणि काचेखालच्या फटीतून त्यांचा ओला वास थेट नाकात येत होता. अण्णा दोन ग्लास प्यायले. तिसऱ्या ग्लासातल्या पाण्यानं चूळ भरून खिडकीबाहेर टाकली.

"रोबोट दमत नाही. रजा मागत नाही. त्याला अपमान कळत नाही." मॅडमना रंग चढत चालला. बाई वाईट नव्हती. पण धडा चांगला होतोय हे ज्याला कळतं, त्याला थांबता येत नाही. "आणि रोबोटला दुखत नाही. कोण करून बघतंय? रामेश्वर, ये."

रामेश्वर वर्गाचा मॉनिटर. त्यानं आधी लाकडी पट्टी रोबोटाच्या डोक्यावर आपटली. वर्ग हसला. मग त्याला शंका आली, आणि हुशार पोराला शंका आली की कुणाचं तरी नुकसान ठरलेलं.

"मॅडम, इथं रबरात पण नाय दुखत?"

"कुठंच नाही."

त्यानं कंपासपेटीतून कर्कटक काढलं आणि टोक कोपराच्या रबरात घुसवलं. नीट, दाबून, मुळापर्यंत.

मुंजाबा हलला नाही. ट्रेमधला चौथा ग्लास तेवढा जरासा वाजला. तिसऱ्या बाकावरची निशा नीट दिसावं म्हणून टाचा उंचावून उभी राहिली होती.

"बघितलंत?"

"बघितलं!" वर्ग ओरडला.

"दुसऱ्या कोपरात बघू का, मॅडम?"

"बस कर, लेका, भोकं पाडशील," अण्णा हसत म्हणाले. आत बाही ओली होत होती. घामानं की आणखी कशानं, हे बघायची सोय नव्हती.

"हे सगळं ठीक," अण्णा पुढं झुकले. "पण डोकं हाय का ह्याला? वर्गात पोरं किती, एवढं तरी सांगतंय का?"

मॅडमनी सरांकडे पाहिलं. हे तालमीत नव्हतं. सरांनी दाराशी कपाळ पुसलं. अण्णांची बोटं फाईलवर टकटक करू लागली, आणि काचेतून मुंजाबाला ती फाईल तेवढी दिसत राहिली.

धनगर मेंढरं मोजत बसत नाही. दोनशेंत एक कमी झालं तर त्याला कमी झालेलं तोंड आधी आठवतं, आकडा मागून येतो. मुंजाबा मुंगीच्या पावलांनी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत वळला. तास बुडवणारं कुठलं पोर कुठं सापडतं, हे त्याला अकरा वर्षांत पाठ झालेलं. मग स्टेशनवरच्या बाईच्या आवाजात बोलला.

"अठ्ठेचाळीसपैकी सत्तेचाळीस. अतुल नाही. अतुल पाण्याच्या टाकीमागे आहे. कच्च्या चिंचा खात आहे."

रामेश्वर पळत गेला आणि अतुलला कॉलरला धरून घेऊन आला. त्याच्या खिशातून चिंचा निघाल्या. अण्णा खुर्चीतून उठलेच.

"आरं, नाव सांगितलं ह्यानं! भिंतीपल्याडचं दिसतंय ह्याला?"

"हो अण्णा. सेन्सर आहेत," राजेंद्र सर म्हणाले. खोटं एकदा उताराला लागलं की ढकलावं लागत नाही.

"लई भारी! असलं रत्न असून हॉटेल बुडवलं, येडाच म्हणायचा तो."

अकरा वर्षांत मुंजाबाचं कौतुक कुणी उभं राहून केलं नव्हतं. त्याची छाती भरून टरफलाला टेकली. आता फक्त सही. अण्णांनी फाईल उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि थांबले.

"मग ह्ये कशाला?"

"काय, अण्णा?"

"पाणी देतंय, फळा पुसतंय, हजेरी घेतंय, चोर धरून देतंय. शिकवलं तर घंटाबी वाजवंल. आन् तुमचा माणूस? मी आलो त्या दिवशी हर्सूलला. यंत्र हजर, शिपाई गैरहजर. कायम कुणाला करू, तुमीच सांगा."

सरांनी रोबोटाकडे पाहिलं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्याच्या मागं नारळ होता.

"योग्यच आहे, अण्णा," ते म्हणाले.

"अण्णा," टरफल म्हणालं. हा आवाज स्टेशनवरच्या बाईचा नव्हता.

सर झेपावले. पाठीवरचं मेलेलं बटण दाबून धरत मोठ्यानं म्हणाले, "चार्जिंग संपत आलंय." आणि मानेच्या फटीशी तोंड नेऊन हळूच, "उद्यापासून यायचंय ना तुला?"

टरफलानं ट्रे पुन्हा सरळ धरला.

अण्णांना मोठा निर्णय एकट्यानं घेतल्याचं दाखवायला आवडत नसे. "पोरांनो, लोकशाही हाय. तुमाला शिपाई पायजे का रोबोट? रोबोट पायजे त्यानं हात वर करा."

हात उगवले. निशानं आधी बाकाकडे पाहिलं. मागून कुणीतरी कुजबुजलं, "ए घंटे!" तिचा हात खांद्यापर्यंत आला, अडखळला, आणि मग सगळ्यांपेक्षा उंच गेला. मुंजाबा पुन्हा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत वळला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. अठ्ठेचाळीस. आता एकही कमी नव्हतं.

अण्णांनी प्रस्तावावर तिरकी रेघ मारली.

मधल्या सुट्टीत पोरं पांगली. त्या दिवशी घंटा रामेश्वरनंच वाजवली, जरा जास्तच. सर बोल्टांना हात लावायला तयार नव्हते. अण्णांची गाडी अजून फाटकात होती.

"काम कुठं गेलंय रे तुझं? हेच करायचं, फक्त आतून," ते म्हणाले. "रोजंदारी चालूच राहील."

"सर, पाणी तरी..."

"अण्णा गेले की देतो."

गाडीकडे जाताजाता अण्णांनी बजावलं होतं की एवढी मोलाची वस्तू रजिस्टरात आजच्या आज चढली पाहिजे. म्हणून सरिता मॅडम पांढरा रंग आणि बारीक ब्रश घेऊन आल्या, त्याच्या पाठीशी स्टुलावर बसल्या आणि ओठ मुडपून वळणदार चार काढायला लागल्या. चारशे बारा घालायचा होता. आत कुणीतरी दोनदा नाक ओढलं तसं टरफल हललं.

"हलू नका हो, मामा," मॅडम म्हणाल्या. "आकडा वाकडा येईल."