बिघाड मशीनमध्येच असावा

“हा मीटरच कधी तपासून घेतला होता?”

निरीक्षकांनी टेस्टरबाईच्या हातातून मीटर काढून घेतला, उलटा केला, पाठीवरचा स्टिकर अगदी डोळ्यांपाशी नेला आणि “हं” करून परत दिला. टेस्टरबाईला हसू आलं. घरोघरी सोलरची देखभाल करत फिरताना लोकांनी तिला ‘बाईमाणूस गच्चीवर चढणार का’पासून ‘चपला बाहेर काढा’पर्यंत सगळं ऐकवलं होतं. पण तिचा मीटर खरा की खोटा, हे आजवर कुणाच्या बापानेही विचारलं नव्हतं.

“याच वर्षी, काका. कागद आहे बॅगेत.”

“असू दे, असू दे. खोड आहे माझी. जन्म गेला दुकानदारांचे तराजू तपासण्यात.”

वजनमापांच्या खात्यातून निवृत्त होऊन बराच काळ लोटला, तरी गल्ली त्यांना निरीक्षकच म्हणे. कोपऱ्यावरचा भाजीवाला ते दिसले की वरती दोन टोमॅटो जास्तीचे टाकतो, असं ते सांगत होते, आणि मोठ्या मजेने सांगत होते. टेस्टरबाई गुडघे टेकून दाराजवळच्या बोळात इन्व्हर्टरचं झाकण उघडत होती. तिला हे नाव दुकानातल्या पोरांनी ठेवलेलं. टेस्टर लावल्याशिवाय ही बाई स्वतःच्या सावलीवरही विश्वास ठेवत नाही, म्हणून.

“तक्रार काय आहे नक्की? फोनवर तुमची मुलगी घाईत होती.”

निरीक्षकांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. आत काकू भांडी पुसत होत्या. ते एक स्टूल ओढून अगदी तिच्या कानाशी बसले.

“ती तिकडे दुसऱ्या गावी बसते आणि फोनवर आमची वीज बघते. कधी गिझर लावला, कधी पंखा बंद केला, सगळं. म्हणते, दुपारी विजेची शेगडी तासन् तास चालू असते. एकदा पातेलं जळलं, मान्य. कुणाचं जळत नाही? पण ती म्हणते, रोज! रोज कसं असेल? म्हणून म्हणतो, तुमचं मशीन खोटं दाखवतंय.”

“दाखवू शकतं. बघते मी.”

“बघ बाई. नीट बघ.” त्यांचा आवाज एकदम खाली आला. “हिचं अलीकडे जरा विसरणं वाढलंय. स्वतःच कबूल करते बिचारी, मीच विसरले म्हणून. पण म्हणून काय घरातून उचलून न्यायचं? मुलगी म्हणते, मशीन बरोबर निघालं तर रविवारी येऊन आईला घेऊन जाते. तिच्याकडे जागा एका माणसापुरती. तुम्ही राहाल बाबा, म्हणे, तुमचं डोकं शाबूत आहे.” ते थांबले. “माझी कुठेही बदली झाली तरी ही सामान बांधून माझ्याआधी तयार असायची. वेगळं राहायचं आम्हाला माहीतच नाही गं.”

 विजेचा आलेख म्हणजे घराची चहाडी, हे टेस्टरबाईला धंद्याने शिकवलं होतं. कोण उशिरा उठतं, कुणाच्या खोलीत रात्रभर दिवा जळतो, सगळं त्या रेषेत दिसतं. आपण बरं आणि आपलं काम बरं, एवढंच तिने ठरवलेलं होतं. पण गिऱ्हाईक मशीन बिघडलेलं निघावं म्हणून असं हात जोडल्यासारखं बसलेलं तिने पहिल्यांदाच पाहिलं, आणि बिघाड सापडला तर बरं, असं तिलाही मनापासून वाटलं.

घरात येणाऱ्या वायरीभोवती एक छोटं कडं बसवलेलं असतं. खर्च मोजतं ते. त्यावर बाणाची खूण असते, आणि बसवणारा घाईत असला की ते हमखास उलटं बसतं. मग मशीन सगळंच उफराटं दाखवतं. तिने बॅटरी मारून बघितलं. निरीक्षकही वाकले.

“उलटं आहे ना?”

“सरळ आहे, काका.”

“सैल असेल.”

“घट्ट आहे. थांबा, अजून एक करू. जिचा खर्च आपल्याला पक्का माहीत आहे अशी वस्तू लावायची आणि मशीन तेवढाच दाखवतं का ते बघायचं. मी किटली लावते नेहमी.”

निरीक्षकांचा चेहरा फुलला. “म्हणजे माझं किलोचं वजन! तराजूत आधी आपलं वजन टाकायचं, मग दुकानदाराशी बोलायचं. वा! पण किटली कशाला? जिच्यावर आरोप आहे तिलाच उभी करा. शेगडी लावू.”

ते उत्साहाने आत गेले. “लावली!” आतून आवाज आला. मशीनवरचा आकडा टणकन वर गेला, शेगडीच्या पाठीवर छापला होता तिथवर. “बंद करा!” आकडा खाली आला. टेस्टरबाईने पुन्हा लावायला लावली, पुन्हा बंद करायला लावली, आणि वायरीला स्वतःचा मीटरही लावून पाहिला. एका केसाचा फरक नव्हता.

“काय म्हणतो चोर?” निरीक्षक दारात आले होते.

“अजून गच्चीवरचं बघायचंय,” ती म्हणाली. वरच्याचा याच्याशी काही संबंध नाही, हे तिला पुरतं ठाऊक होतं. पण तोंडावर ‘बरोबर आहे’ म्हणायला तिची जीभ उचलेना.

गुडघ्यांमुळे निरीक्षकांना शिडीची मनाई होती. काकू मात्र साडी खोचून, पाण्याची बादली घेऊन तिच्या मागोमाग गच्चीवर आल्या. पॅनेल धुण्याचं काम या घरात त्यांचंच होतं. धूळ बसली की वीज घटते, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. सकाळच्या उन्हातच धुते, भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नये, असं त्यांनी आपणहून सांगितलं. विसरणारं माणूस असं बोलतं का, हा विचार टेस्टरबाईच्या मनात आला आणि कामाच्या नादात निघून गेला.

तिने गच्चीवरचा खटका पाडला आणि पॅनेलांच्या पाठी चाचपायला घेतल्या. शेवटच्या पॅनेलखाली हाताला खरखरीत लागलं. दोन वायरींची टोकं एकात एक बसवलेली. पण एक एका बनावटीचं, दुसरं भलत्याच. कुणीतरी बॅगेत होतं ते कोंबून मोकळं झालं होतं. अशी टोकं बसल्यासारखी वाटतात, पण आतून सैल राहतात, तापतात आणि काळी पडतात. ही जळून कोळसा झाली होती. तिने ती कापून काढली आणि नवी जोडायला घेतली.

काकूंनी तो जळका तुकडा उचलून निरखला.

“हा बिघाडच की.”

“आहे ना. पण याने वीज कमी बनते, काकू. शेगडीच्या खर्चाशी त्याचं काही देणंघेणं नाही.”

“मुलीला काय कळतंय त्यातलं?” काकूंनी तुकडा तिच्या तळव्यावर ठेवला आणि वरून स्वतःचा हात मिटला. हात ओला आणि गार होता. “एवढं सांग तिला. हे जळलं होतं, म्हणून मशीन चुकत होतं. मी कधी कुणाला खोटं बोलायला लावलं नाही गं. पण रविवारी मला नेलं, तर इथे ह्यांचं काय होईल?”

“काका खमके आहेत.”

“हो,” काकू म्हणाल्या. “आहेत खमके.”

खालून हाक आली, “चहा टाकतो गं दोघींना!”

काकू झटकन कठड्याकडे गेल्या. “नको हो! मी येतेय खाली! ऐकलं का, नको!”

उत्तर आलं नाही. काकू शिडीकडे निघाल्या, पण टेस्टरबाईने पॅनेल एका बाजूने उचलून धरलं होतं. “काकू, जरा धरता का, नाहीतर काच जाईल,” असं ती म्हणाली आणि काकूंना धरावंच लागलं. टोकं जोडून झाली. पुसणं झालं, खटका वर केला. काकू सारख्या खाली बघत होत्या. वीज आता किती बनते ते पाहायला टेस्टरबाईने फोन उघडला. वीज छान बनत होती. शेजारी घराचा खर्चही दिसत होता, आणि तो शेगडीचाच आकडा होता, मघाशी बोळात बसून तिने पाठ केलेला.

काकूंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि शिडीवरून अक्षरशः धावत उतरल्या.

स्वयंपाकघरात धूर होता. शेगडीवर पातेलं कोरडंठाक, बुडाशी निळं-काळं झालेलं, आणि त्याच्या कडेला धरायचा फडका तपकिरी पडत चाललेला. काकूंनी शेगडी बंद केली आणि फडका मोरीत टाकला. निरीक्षक बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसले होते. वास आला तसे ते धडपडत आत आले.

“अगं, काय हे!”

“मीच विसरले हो,” काकू म्हणाल्या. इतक्या सहज की टेस्टरबाईलाही क्षणभर ते खरं वाटलं.

निरीक्षक रागावले नाहीत. त्यांनी काकूंना खांद्याला धरून शेगडीपाशी नेलं. “हे बघ. बटण असं डावीकडे फिरवायचं. टक् आवाज आला की बंद. आवाज ऐकल्याशिवाय हलायचं नाही. काय?”

“टक् आवाज,” काकू म्हणाल्या.

“बघितलंस पोरी?” ते टेस्टरबाईकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. “हे असं आहे. पण तू मशीनचंच सांग.”

 काकू निरीक्षकांच्या पाठीआडून टेस्टरबाईकडे बघत होत्या आणि हळूच मान हलवत होत्या, नको म्हणून. तेवढ्यात तिचा फोन वाजला. मुलगी होती.

“स्पीकरवर टाक,” निरीक्षक म्हणाले.

“मॅडम, आत्ताही शेगडी चालू दिसत होती मला! मशीन बघितलंत?”

“बघितलं. वर एक टोक जळालं होतं.”

“ऐकलंस?” निरीक्षक फोनकडे झुकले. “जळालं होतं!”

जळका तुकडा टेस्टरबाईच्या मुठीतच होता. वडाची साल पिंपळाला लावायला एक वाक्य पुरलं असतं. घर आणखी काही दिवस असंच चाललं असतं, आणि मग एखाद्या दुपारी आग फडक्यावरून ओट्याला आणि ओट्यावरून पडद्याला. तिने खाली मोरीतल्या फडक्याकडे बघितलं.

“ते मी बदललंय, ताई. पण त्याचा शेगडीशी संबंध नाही. मशीन बरोबर दाखवतंय.”

पलीकडे मोठा सुस्कारा ऐकू आला. “म्हणजे आईच. बाबा, मी रविवारी येते. तिची बॅग भरून ठेवा. आई, रागावू नकोस गं.”

“रागावते कशाला?” काकू म्हणाल्या. “मीच विसरते ना.”

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. फक्त इथे चोर कुणी नव्हता. काकू जाणार आणि हा माणूस त्या शेगडीबरोबर एकटा राहणार. टेस्टरबाईला त्या दोघांचा राग आला, मुलीचा आला, स्वतःचा तर सगळ्यात जास्त आला.

“काकू माझ्याबरोबर गच्चीवर होत्या,” ती म्हणाली.

“काय?” मुलगी म्हणाली.

“आत्ता शेगडी लागली तेव्हा. त्या वर होत्या.”

 मग निरीक्षक सावकाश तिच्याकडे वळले. आवाज बदलला होता त्यांचा. दुकानाच्या फळीसमोर उभं राहून विचारावं तसा कोरडा झाला होता.

“सगळा वेळ?”

“सगळा वेळ, काका.”

“मध्ये एकदाही खाली आली नाही?”

“नाही. मी त्यांना पॅनेल धरायला लावलं होतं.”

“चहा मी टाकतो म्हणालो होतो,” निरीक्षक म्हणाले. त्यांनी पातेल्याकडे पाहिलं आणि स्वतःच्या हाताकडे पाहिलं. “हो. म्हणालो होतो.” मग काकूंकडे न बघता त्यांनी विचारलं, “तू का म्हणालीस मग?”

“म्हणायची सवय झालीय.”

“आणि मी तुलाच रोज बोलायचो.”

“कुठे बोलायचात? समजावून सांगायचात. चांगलं सांगायचात.”

“बाबा? हॅलो?” मुलगी ओरडत होती. “मला कुणी सांगेल का काय चाललंय?”

“काका,” टेस्टरबाई घाईघाईने म्हणाली, “शेगडीचा खटका मी वेगळा काढून देते. वर कुलपाची पेटी बसवू. किल्ली काकूंकडे राहील. आजच करते, लगेच.”

निरीक्षकांनी ती सूचना नीट ऐकून घेतली. पेटी कुठे बसेल ते भिंतीवर पाहिलंही. मग मान हलवली.

“मी मागितली की ही मला किल्ली देऊन टाकेल.”

टेस्टरबाईने काकूंकडे पाहिलं. काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. नाही म्हणाल्या नाहीत.

निरीक्षक फोनवर वाकले. “रविवारी ये,” त्यांनी मुलीला सांगितलं. “बॅग भरलेली असेल. माझी.”