विहीणबाईच्या पदराची गाठ

शेणव्याच्या नाक्यावर, धाऊच्या चहाच्या टपरीत ती पैज लागली आणि सुरुवात झाली कोंबडीवरून.

"कोंबडी अंडी द्यायची थांबली का तू काय करतोस?" जयरामने विचारलं.

"कालवण," धाऊ म्हणाला.

"मग बाय म्हातारी झाली, पोरं व्हायची थांबली, तरी देव तिला एवढी वर्षं कशाला ठेवतो?"

"तुझ्या डोक्यात हे शिरलं कुठून?"

शिरलं होतं शहापूरच्या डॉक्टरकडून. जयरामची नात मनस्वी नुकती रांगायला लागलेली. पोर रात्रभर खोकायची, छाती नुसती वाजायची. डॉक्टरने नळी लावून विचारलं, "घरात धूर कोण करतं?" जयरामने कानावरची बिडी हळूच टोपीखाली सरकवली आणि साळसूद चेहऱ्याने सांगितलं, "चूल!" त्या एका शब्दापायी त्याच्या बायकोने, कमळने, बिचारीने चूल उचलून मागच्या पडवीत नेली. निघताना डॉक्टर सुनेला, स्नेहलला म्हणाला, "तुझ्या आईला बोलावून घे. बहुतेक जनावरांत मादी विणं थांबल्यावर फार जगत नाही. माणसात आजी जगते. नातवंडं जगावीत म्हणून जगते, असं शास्त्रवाले म्हणतात."

"आणि आजोबा कशाला जगतो?" जयरामने मधेच तोंड घातलं.

"ते अजून शोधतायत," डॉक्टर हसला.

जयरामला ते लागलं. त्यात सिद्धगडाच्या पायथ्याहून, मुरबाडला गाडी बदलून, विहीणबाई आली. बाईजा तिचं नाव. आली ती पदर पुढे ओढूनच. व्याह्याशी एक शब्द नाही. काय सांगायचं ते लेकीच्या कानात. आणि ती आल्यापासून मनस्वीचा खोकला निम्म्यावर आला, पोर रात्री गाढ झोपायला लागली.

सगळं घर खूश. जयराम सोडून.

जयराम म्हणजे शेणवा-शहापूर जीपवाला. अख्ख्या गावाला टोप्या घालून झालेला माणूस. धाऊला त्याने एकदा नवे कपडे घालून लग्नाला पाठवला होता. लग्न दुसऱ्या दिवशी होतं! अशा माणसाला कोण नुसतं चांगलं वागलं का झोप लागत नाय. त्यातून तो उंबऱ्यात पाऊल टाकायचा आणि ही म्हातारी चटकन पोर काखेला मारून मागच्या गोठ्याकडे पसार. दर खेपेला. वर पदराला एक गाठ. कोण आलं का ती गाठ मुठीत.

"म्हातारी पोरीला काहीतरी चारते," तो धाऊच्या कानाशी लागला. "अफू असंल. नायतर मशेरी. पोर एवढी गप कशी झोपते?"

"अरे आजी आहे ती, जयराम."

"लाव पैज! गाठीत अफू नायतर मशेरी निघाली का तुझा चहा मला वर्षभर फुकट, आणि म्हातारी त्याच दिवशी माझ्या जीपमध्ये, थेट मुरबाड."

"आणि नाय निघाली तर?"

"नाय निघाली तर बाजाराच्या दिवशी इथं नाक्यावर बसतो. डोक्याला टोपडं, गळ्यात लाळेरं. म्हातारीच्या हातची गुटी चाटतो. सगळ्यांसमोर."

धाऊने हातावर हात मारला. लग्नाचा हिशोब त्याच्या मनात होताच.

दुसऱ्या दुपारी दोघं निघाले. जयराम नेहमीसारखा बिडी ओढत घरात शिरला. म्हातारीने पोर उचलली, चालली गोठ्याकडे. दोघं मागून जाऊन पेंढ्याच्या उडवीआड दबले. बाईजाने मनस्वीला मांडीवर घेतलं, इकडेतिकडे बघितलं आणि तिच्या तोंडात बोट घातलं.

"घातलं! बघितलंस? घातलं!" जयराम उडीच मारून बाहेर आला. "स्नेहल, ये गो! कमळ, ये! बघा, आजी काय चारते ती! सोडायला लाव तिला गाठ!"

बायका धावत आल्या. बाईजाने तोंड फिरवलं, पदर आणखी पुढे ओढला.

"सोड गो आई," स्नेहल हळूच म्हणाली.

गाठ सुटली. अफू नाय, मशेरी नाय. पदरातून बिडीची थोटकं पडली. मूठभर. सगळ्यांना हिरवा दोरा. शेणव्यात सगळे तांबड्या दोऱ्याची बिडी ओढायचे. हिरव्या दोऱ्याची एकटा जयराम, मुद्दाम मुरबाडहून मागवायचा.

मग बाईजाने दुसरी मूठ उघडली. आत्ता पोरीच्या तोंडातून काढलेलं थोटूक, ओलं. मनस्वीच्या ओठाला तंबाखूचा काळा चुरा होता.

घालत नव्हती. काढत होती.

"पाळण्याखाली पडतात," स्नेहल म्हणाली. "पोर रांगते, दिसंल ते तोंडात घालते. आई रोज वेचते. तुमी बिडी पेटवलीत का तिला धुरातून बाहेर काढते."

"मग मला सांगायचं नाय?" जयरामचा आवाज चढायला गेला, पण मधेच बसला.

"लेक दिलेल्या घरात व्याह्याला कसं बोलणार ती? मशेरी तर पोरीला घ्यायचं म्हणून येण्याआधीच सोडली तिने."

कमळ पडवीतल्या चुलीकडे बघत होती. "चूल म्हणे," ती एवढंच बोलली.

जयरामने जीपची किल्ली काढली. "बसा जीपमध्ये. पोरीच्या पोटात काय गेलं असंल तर?" वाटेत हात करणाऱ्या एकाही माणसासाठी जीप थांबली नाय. शेणव्यात असं कधी झालं नव्हतं. डॉक्टरने पोरीला दुपारभर समोर ठेवलं, बघितलं आणि मग सांगितलं, "वेळेवर काढलंत. घरी न्या." या खेपेला धूर कोण करतं ते जयरामने न विचारता सांगितलं.

बाजाराच्या दिवशी नाका माणसांनी फुलला. धाऊने बाकडं पुसून मधोमध ठेवलं होतं. जयराम बसला, गळ्यात लाळेरं. टोपडं कमळने स्वतः शिवलं होतं, लाल, झालरीचं. हनुवटीखाली नाडी बांधली तेव्हा एसटीतल्या बायका खिडकीतून वाकून हसल्या.

"काय रे जयराम, बारसं कधी?"

"नाव ठेवायला या, घुगऱ्या खायला या!" तो बसल्या जागेवरून ओरडला. गडी हरला तरी तोंड चालू.

बाईजाने सहाणेवर मुरडशेंग, वेखंड, हळकुंड उगाळलं होतं. व्याह्यासाठी खास कडूजहर काडेचिराईतही. बोटाने तिने ते त्याच्या जिभेवर फासलं. जयरामचं तोंड वाकडं झालं, डोळ्यांत पाणी आलं. स्नेहलच्या काखेतली मनस्वी ते बघून खिदळली. खोकली नाय.

"कळलं का आजोबा कशाला जगतो?" धाऊने विचारलं.

"कडू चाटायला!"

चव मारायला जयरामचा हात सवयीने कानावरच्या बिडीकडे गेला. कान टोपड्याखाली. तो नाडी चाचपायला लागला.

तेव्हा बाईजाने पदर डोक्यावर नीट घेतला आणि पहिल्यांदाच, सगळ्या नाक्यासमोर, त्याच्या डोळ्यांत बघून बोलली, "टोपडं काढायचं नाय, व्याही."

जयरामचा हात खाली आला.